नारळाच्या मेणाची मेणबत्ती पेटवल्यावर सुगंध पसरत नाही: नेमके काय तपासावे?

मोगरा_ठाणे

गेल्या दिवाळीपासून मी घरी नारळाच्या मेणाच्या मेणबत्त्या करते आहे. दिसायला त्या चांगल्या होतात, परंतु पेटवल्यावर त्यांचा सुगंध खोलीत पसरत नाही. न पेटवता ग्लास नाकाशी धरला तर मोगरा स्पष्ट येतो, म्हणजे ज्याला कोल्ड थ्रो म्हणतात तो ठीक आहे. हॉट थ्रो, म्हणजे पेटवल्यावर पसरणारा सुगंध, मात्र जवळजवळ नाहीच. तपशील असा: पाकिटावर नारळ व सोया यांचे मिश्रण असे लिहिलेले मेण २५० ग्रॅम, त्यात मोगऱ्याचे फ्रेग्रन्स ऑइल १५ मिली, आतून साडेसात सेंटिमीटर व्यासाचा काचेचा ग्लास आणि विक्रेत्याने मध्यम आकाराची म्हणून दिलेली, मेण लावलेली सुती वात. ओतल्याच्या दुसऱ्या दिवशी मी ती हॉलमध्ये पेटवून पाहते. तेलाचे प्रमाण बारा टक्क्यांपर्यंत न्यावे असे एका व्हिडिओत सांगितले आहे. हे तेल स्वस्त नाही, म्हणून बाटली रिकामी करण्याआधी येथील जाणकारांना विचारते आहे.

वाचनमात्र

उत्तराची मीही वाट पाहतो आहे. आमच्या हॉलमध्ये मेणबत्ती लव्हेंडरची पेटते आणि वास शेजाऱ्यांच्या बोंबलांचा येतो.

जुना_साचा

तेल वाढवू नका, निदान आत्ताच नको. आधी दोन गोष्टी पाहून सांगा: दोन तास जळल्यावर वितळलेल्या मेणाचे वर्तुळ, म्हणजे मेल्ट पूल, किती रुंद होतो आणि त्या वेळी डोक्यावर पंखा चालू असतो का.

सुगंध ज्योतीतून येतो असा पुष्कळांचा समज असतो. वातीतून वर चढणारे तेल मेणाबरोबर जळून जाते. खोलीत पसरतो तो वातीभोवतालच्या वितळलेल्या मेणाच्या पृष्ठभागावरून उडणारा भाग. म्हणून मेल्ट पूलचे क्षेत्रफळ आणि त्याचे तापमान या दोन गोष्टींवर बहुतेक सारा हिशोब ठरतो. तुमच्या ग्लासमध्ये मेल्ट पूल कडेपर्यंत न पोहोचता साडेचार सेंटिमीटरवर थांबत असेल, तर पूर्ण पृष्ठभागाच्या केवळ ३६ टक्के भागातून सुगंध उडतो आहे. अशा वेळी तेल दुप्पट केले तरी वात तेवढीच अशक्त राहणार; उलट तेलाने मेण जड होऊन ज्योत आणखी लहान होण्याचीच शक्यता अधिक. विक्रेत्याची ‘मध्यम’ वात कोणत्या व्यासासाठी व कोणत्या मेणासाठी मध्यम, हे कोणीच सांगत नाही. पॅराफिनमध्ये उत्तम चालणारी वात नारळ-सोयाच्या मिश्रणात पुष्कळदा लहान पडते.

रसायनशाळा

जुना_साचा यांच्याशी सहमत आहे. त्यात मापाचा मुद्दा जोडतो. सुगंधतेल मिलीमध्ये मोजू नये, ग्रॅममध्ये मोजावे. मोगऱ्याच्या तेलात फरक थोडा पडेल, पण संत्र्याच्या सालीचे तेल घेतले तर त्याची घनता ०.८४ ते ०.८५ च्या आसपास असते, म्हणजे २० मिली तेल जेमतेम १७ ग्रॅम भरते. स्वयंपाकघरातला साधा डिजिटल काटा या कामाला पुरतो, मात्र तो एक ग्रॅमचा फरक दाखवणारा हवा.

टक्केवारी शक्यतो मेणाच्या वजनावर काढावी. २५० ग्रॅम मेणाला आठ टक्के म्हणजे २० ग्रॅम तेल. काही जण मेण व तेल यांच्या एकूण वजनावर काढतात आणि मग दोघांची ‘आठ टक्के’ मेणबत्ती सारखी नसते, यावरून व्हॉट्सॲप गटांत विनाकारण वाद होतात. आपले प्रमाण सध्या साधारण सहा टक्के आहे. ते कमी नाही. आठपर्यंत नेण्यास हरकत नाही, पण ते वात ठरल्यानंतर. मेण तेल किती धरून ठेवू शकते याला मर्यादा असते. ती ओलांडली की वर तेलाचे थेंब येतात आणि त्या तेलामुळे ज्योत भडकण्याचाही धोका असतो.

झटपट_कला

मूळ दोष तेल घालण्याच्या तापमानात असावा, असे मला वाटते. माझ्या तेलाच्या बाटलीवर फ्लॅश पॉइंट ६५ अंश असे लिहिले आहे, म्हणून मी मेण ६० अंशांवर आल्याशिवाय तेल घालत नाही. त्याहून गरम मेणात घातले की सुगंध उडून जातो. धागाकर्त्यांनी कोणत्या तापमानाला घातले ते लिहिलेले नाही.

रसायनशाळा

हा समज इतका पसरलेला आहे की त्याला सविस्तर उत्तर देतो. ज्या तापमानाला द्रवावरची वाफ जवळच्या ठिणगीने वा ज्योतीने क्षणभर पेट घेऊ शकते, तो फ्लॅश पॉइंट. तो सुरक्षिततेसाठी आणि मालवाहतुकीच्या नियमांसाठी लिहिलेला असतो. त्या अंशाला सुगंध एकदम निघून जातो असा त्याचा अर्थ नाही. बाष्पीभवन त्याच्या खालीही चालू असते आणि वरही. ७५ ते ८० अंशांच्या मेणात तेल घालून दोन मिनिटे सावकाश ढवळले तर उडून जाणारा भाग किरकोळ असतो. मात्र तेल घातलेले भांडे तसेच उघडे ठेवून शेगडीवर तापवत राहिलात तर नुकसान नक्की होईल, आणि ज्योतीजवळ ते करणे धोक्याचेही आहे. भांडे शेगडीवरून उतरवून मगच तेल घालावे.

६० अंशांवर घालण्याची खरी अडचण वेगळी आहे. काही मिश्रणे त्या तापमानाला घट्ट होऊ लागलेली असतात आणि तेल सर्वत्र सारखे मिसळत नाही. मग वरचा थर छान सुवासिक आणि खालचा फिका, किंवा तळाशी तेलाचा साठा, असे प्रकार होतात.

झटपट_कला

तरीही लिंबूवर्गीय तेलांच्या बाबतीत मी कमी तापमानच पसंत करेन. बाकीचे पटले.

कोकणी_करवंट

माझा प्रश्न याच विषयातला आहे, म्हणून वेगळा धागा काढत नाही. आमच्याकडे घरचे खोबरेल भरपूर असते. पर्यटकांना विकण्यासाठी पॉलिश केलेल्या करवंट्यांमध्ये मेणबत्त्या कराव्यात असा विचार आहे. खोबरेलात थोडे मधमाश्यांचे मेण मिसळले तर ते नारळाचे मेण होईल का, आणि सुगंध चांगला पसरेल का?

जुना_साचा

खोबरेल २४-२५ अंशांनाच वितळते, म्हणून तर थंडीत बाटली गोठते आणि एप्रिलमध्ये पातळ होते. बाजारातले नारळाचे मेण म्हणजे हायड्रोजनीकरण केलेले खोबरेल. तेही एकटे असेल तर साधारण ३५ अंशांपाशी वितळते, म्हणून त्यात सोया, जर्दाळूचे मेण, पॅराफिन किंवा स्टिअरिक आम्ल मिसळून मिश्रण विकतात. मधमाश्यांचे मेण ६२ ते ६४ अंशांना वितळते, त्यामुळे खोबरेलाला आधार मिळेल, पण त्याला स्वतःचा मधासारखा वास असतो आणि मोगरा, वाळा यांसारखे नाजूक सुगंध त्याखाली दबतात.

करवंटीविषयी मात्र स्पष्टच सांगतो: ती स्वतः जळते. चुलीत करवंट्या घालणाऱ्या कोकणातल्या माणसाला हे मी सांगावे असे नाही. वात कडेला सरकली किंवा मेण तळाला आले की करवंटी पेट घेऊ शकते. शिवाय तिचा आकार वर रुंद आणि खाली निमुळता असल्यामुळे वर सुगंध कमी पडतो आणि खाली तीच वात मोठी ठरून काजळी धरते. करवंटीचेच रूप हवे असेल तर आत काचेची किंवा धातूची वाटी बसवा आणि वात त्या वाटीच्या मापाने निवडा.

कोकणी_करवंट

आत वाटी बसवण्याची सूचना उत्तम आहे. करवंटी चुलीसाठीच राखून ठेवायची नसेल तर तेच करावे लागेल.

देवघर_काका

आमच्या पिढीला मेणबत्तीच्या सुगंधाचे हे कोडे पडले नाही, कारण आम्ही उदबत्ती लावतो. पण एक उपाय सुचवतो. मेणात भीमसेनी कापूर कुटून घातला तर वास खोलीभर जाईल.

रसायनशाळा

काका, वास जाईल हे खरे, पण कृपया कोणी हे करून पाहू नये. कापूर अतिशय ज्वालाग्राही आहे आणि त्याचा फ्लॅश पॉइंट ६५ अंशांच्या आसपास आहे. आरतीत तो थोडा असतो, उघड्यावर असतो आणि मिनिटभरात संपतो. ग्लासभर मेणात विरघळलेला कापूर तासन्‌तास ज्योतीखाली ठेवणे ही वेगळी गोष्ट आहे. त्यातून ज्योत मोठी होते आणि ग्लास तडकण्याइतका तापू शकतो. कापराचा वास हवा असेल तर तो विजेच्या कापूरदाणीत ठेवावा.

देवघर_काका

सूचना मागे घेतो. उदबत्तीवर मात्र ठाम आहे.

चिकित्सक

येथे सर्वजण वातीला दोष देत आहेत, तेव्हा दुसरी बाजू मांडतो. माझ्या अनुभवात निम्मे प्रश्न तेलाचेच निघतात. आपल्याकडे सुटे मिळणारे बरेच ‘परफ्यूम ऑइल’ उदबत्तीसाठी बनवलेले असते आणि ते डायइथाइल थॅलेटमध्ये, म्हणजे व्यवहारात ज्याला डीईपी म्हणतात त्यात, पातळ केलेले असते. डीईपीला स्वतःचा वास जवळजवळ नसतो. तेलात ते निम्मे असेल तर तुम्ही मोजलेले आठ टक्के प्रत्यक्षात चार टक्केच सुगंध देतात. केक-आइस्क्रीममध्ये घालायचे इसेन्स तर पाणी किंवा प्रॉपिलीन ग्लायकॉलमध्ये असते. ते मेणात मिसळतच नाही, तळाशी बसते आणि वात तडतडते. अत्तराचेही तसेच आहे. कनौजचे पारंपरिक अत्तर चंदनाच्या तेलात उतरवतात, हल्ली पुष्कळदा त्याऐवजी लिक्विड पॅराफिन असते. दोन्ही आधार जड. अत्तर अंगावर सावकाश उलगडावे म्हणून केलेले असते, मेणबत्तीतून हॉलभर जावे म्हणून नव्हे, आणि खरे अत्तर आठ टक्के घालण्याइतके स्वस्त मिळाले तर ते खरे आहे का हे आधी पाहावे.

मोगऱ्याचेही सांगतो. मोगऱ्याच्या फुलांपासून द्रावकाने काढलेले अॅब्सोल्यूट फार महाग असते, त्यामुळे मेणबत्तीतला मोगरा जवळपास नेहमी बेंझिल अॅसिटेट, लिनालूल, इंडोल यांसारख्या घटकांतून जुळवलेला असतो. त्यात कमीपणा काही नाही. फक्त ती जुळवणी मेणासाठी केलेली हवी. विक्रेत्याकडे इफ्राचे, म्हणजे सुगंध उद्योगाच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या मानकांनुसारचे, प्रमाणपत्र मागा आणि त्यात वर्ग १२ पाहा, कारण मेणबत्त्या त्या वर्गात येतात. प्रमाणपत्र द्यायला टाळाटाळ झाली तर दुसरा विक्रेता शोधावा.

जुना_साचा

चिकित्सक यांचा मुद्दा मान्य आहे, पण मग दोष वातीचा की तेलाचा हे ओळखायचे कसे, याचीही सोपी परीक्षा आहे. त्याच मेणबत्तीतले दोन-तीन चमचे मेण काढून स्टीलच्या वाटीत घ्या आणि ती वाटी सुगंधी तेल तापवायच्या मातीच्या दिव्यावर, खाली टी-लाइट लावून, ठेवा. येथे वात हा घटकच उरत नाही. मेण पूर्ण वितळल्यावर खोलीत सुगंध आला तर तेल आणि मेण निर्दोष आहेत व दोष वातीचा आहे. वाटीतूनही सुगंध आला नाही तर वाती बदलत बसण्यात अर्थ नाही, तेल बदला. ही परीक्षा न करता लोक वाती, तेल, मेण आणि ग्लास सगळे एकाच वेळी बदलतात, आणि मग कशाने काय झाले हे ब्रह्मदेवालाही सांगता येत नाही.

टोरांटोची_थंडी

वाटीची परीक्षा मीही करते, आणि परिस्थिती शक्य तेवढी सारखी ठेवावी असे सुचवते. हिवाळ्यात घरातले तापमान वीस अंश असते आणि हीटिंगच्या जाळीतून हवा सतत येत असते. मे महिन्यात पुण्यात आईकडे करून पाहिलेली वात येथे मेल्ट पूल कडेपर्यंत नेत नाही, कारण काच गार असते आणि कडेचे मेण उष्णता खाऊन टाकते. उलट येथे बरोबर ठरलेली वात पुण्याच्या उन्हाळ्यात जास्त जोरात जळते. ग्लास तोच, मेण तेच. विकण्यासाठी करणाऱ्यांनी तरी उन्हाळा आणि हिवाळा असे दोन्ही ऋतू पाहून वात ठरवावी.

नाकाविषयीही सांगायला हवे. तासभर मेणबत्तीजवळ बसलेल्या माणसाला सुगंध जाणवेनासा होतो, कारण घ्राणेंद्रिय सततच्या वासाला सरावते. घरातल्या कोणाला तरी बाहेर फिरून यायला सांगा आणि दार उघडल्यावर काय जाणवले ते विचारा.

वाचनमात्र

आमच्याकडे बाहेरून आलेल्या सासूबाईंनी ‘काही जळतंय का?’ असे विचारले. याला हॉट थ्रो धरावे काय?

टोरांटोची_थंडी

धरावे, पण वातही छाटावी. पेटवण्याआधी ती पाच-सहा मिलिमीटर ठेवली नाही तर टोकाला काजळीची बोंडे धरतात आणि तोच करपट वास सुगंधावर मात करतो.

ओवीची_आई

क्युअरिंगबद्दल, म्हणजे ओतलेली मेणबत्ती पेटवण्याआधी काही दिवस तशीच ठेवण्याबद्दल, अजून कोणी लिहिलेले नाही. दुसऱ्याच दिवशी पेटवणे फार लवकर होते. माझ्या नारळ-सोया मिश्रणात आठवड्यानंतर आणि दोन आठवड्यांनंतर स्पष्ट फरक दिसतो. झाकण लावून सावलीत ठेवलेल्या मेणबत्त्या अधिक चांगल्या पसरतात.

चिकित्सक

क्युअरिंगचे माहात्म्य थोडे वाढवून सांगितले जाते, असे मला वाटते. ‘तेल मेणाशी बांधले जाते’ हे वाक्य सर्वत्र आढळते, पण तेथे कोणतीही रासायनिक बांधणी होत नाही. वनस्पतिजन्य मेणाच्या स्फटिकांची रचना ओतल्यानंतर काही दिवस स्थिरावत राहते आणि त्यामुळे मेणबत्तीचे जळणे बदलते, इतकेच खात्रीने म्हणता येईल. सोयाचा भाग अधिक असेल तर वाट पाहण्याचा लाभ दिसतो; पॅराफिनला दोन-तीन दिवस पुरतात. पहिल्या दिवशी शून्य असलेला सुगंध चौदाव्या दिवशी खोलीभर येईल, ही अपेक्षा मात्र धरू नये.

ओवीची_आई

शून्याचे शंभर होत नाहीत हे मान्य. पण तुलना करायची असेल तर निदान प्रत्येक मेणबत्तीला सारखेच दिवस द्यावेत, एवढे तरी आपण मान्य कराल.

चिकित्सक

ते पूर्णपणे मान्य आहे.

ग्रंथकीटक

विषयाला धरूनच थोडी जुनी माहिती देतो. १८३० साली लंडनमध्ये सुरू झालेल्या प्राइस कंपनीचा आरंभ नारळाच्या तेलाच्या मेणबत्त्यांपासूनच झाला आणि त्यासाठी तिने सिलोनमध्ये नारळाच्या बागाही घेतल्या. तेलातला पातळ भाग दाबून काढून उरलेल्या घट्ट भागाची मेणबत्ती करीत. तरी ती मऊच राही. पुढे १८४० मध्ये त्या घट्ट भागात स्टिअरिक आम्ल मिसळलेली मेणबत्ती व्हिक्टोरिया राणीच्या विवाहाच्या रोषणाईच्या निमित्ताने बाजारात आली. म्हणजे ‘शंभर टक्के नारळ’ असा आज जो आग्रह दिसतो, तो त्या कारखानदारांनीही पावणेदोनशे वर्षांपूर्वीच सोडला होता.

मोगरा_ठाणे

सर्वांचे मनःपूर्वक आभार. वाटीची परीक्षा करून पाहिली आणि थोड्याच वेळात मोगरा हॉलमधून स्वयंपाकघरापर्यंत गेला, तेव्हा तेलाबद्दलची शंका मिटली. मेणबत्तीचा मेल्ट पूल दोन तासांनी पट्टीने मोजला तर पाच सेंटिमीटरही भरला नाही आणि कडेचे मेण कोरडेच उभे होते. त्याच प्रकारातली दोन आकारांनी मोठी वात लावलेली मेणबत्ती आठवडाभर झाकून ठेवली व पेटवली, तेव्हा पहिल्याच वेळी तीन तासांच्या आत मेण कडेपर्यंत वितळले. बेडरूममध्ये दार लोटून घेतले तर आता सुगंध व्यवस्थित येतो. तेल सहा टक्केच ठेवले आहे. हॉलमध्ये मात्र पंखा चालू असताना सुगंध फारच पुसट वाटतो. मोठ्या हॉलसाठी आणखी मोठी वात लावावी काय?

जुना_साचा

नाही. ती वात आता ग्लासला बरोबर बसली आहे; आणखी मोठी लावलीत तर काच तापेल, काजळी धरेल आणि सुगंध पहिल्या काही तासांतच खर्च होईल. मेल्ट पूलची खोली साधारण एक सेंटिमीटर राहिली की पुरे. हॉल मोठा असेल तर दोन मेणबत्त्या दोन कोपऱ्यांत, पंख्याच्या थेट झोतापासून दूर ठेवाव्यात. झोतात ज्योत एका बाजूला झुकते, एकीकडची काच काळी होते, दुसरीकडचे मेण वितळत नाही आणि जो सुगंध निघतो तोही खिडकीवाटे जातो. दहा-बारा सेंटिमीटर रुंदीचे पसरट भांडे घेणार असाल तर त्यात दोन वाती लावाव्या लागतील, आणि मग सगळी चाचणी नव्याने करावी लागेल. तेल आता आठ टक्क्यांपर्यंत नेऊन पाहण्यास हरकत नाही.

रसायनशाळा

पहिल्या वेळी कडेपर्यंत वितळू दिलेत हे उत्तम केले. व्यासाच्या दर इंचाला एक तास असा ढोबळ हिशोब आहे, म्हणजे आपल्या ग्लासला तीन तास. पहिल्यांदाच अर्ध्या तासात विझवली तर पुढच्या वेळी मेण त्याच खड्ड्यात वितळत राहते आणि मध्ये बोगदा पडतो. मात्र एका वेळी चार तासांपेक्षा अधिक जाळू नये.

संत्रानगरी

धागा उशिरा वाचला. आमच्याकडे नागपुरात मे महिन्यात पारा ४५ अंशांपर्यंत जातो आणि मेणबत्त्या न पेटवताच घामेजतात. संत्र्याचे इसेन्शियल ऑइल घालते, ते थंड असताना छान येते, पेटवल्यावर पहिला अर्धा तास येते आणि मग गायब होते. वात येथे सांगितल्याप्रमाणे तपासली, मेल्ट पूल कडेपर्यंत जातो.

रसायनशाळा

तुमच्या बाबतीत वात निर्दोष आहे, दोष संत्र्याच्या तेलाच्या स्वभावातच आहे. त्यात नव्वद टक्क्यांहून अधिक लिमोनीन असते. लिमोनीनचा उत्कलनबिंदू १७६ अंश आहे, तर चंदनातल्या सँटालोलचा ३०० अंशांच्या आसपास. गरम मेल्ट पूलवरून लिमोनीन भराभर उडून जाते आणि मागे काही उरत नाही. मेणबत्तीसाठी जुळवलेले संत्र्याचे फ्रेग्रन्स ऑइल घ्यावे. नैसर्गिकच हवे असेल तर त्याला पचौली किंवा देवदार यांसारख्या जड तेलाची जोड द्यावी. त्यामुळे निदान संत्रे गेल्यावर खोली रिकामी राहणार नाही.

घामेजण्याचा उपाय मेणात आहे. ४५ अंशांना वितळणारे मिश्रण नागपूरच्या उन्हाळ्यात टिकणार नाही. ५० अंशांच्या वर वितळणारे मिश्रण मागवावे, किंवा असलेल्या मेणात थोडे स्टिअरिक आम्ल घालून पाहावे. ते ६९ अंशांच्या आसपास वितळते, म्हणून मेण ७५ अंशांपर्यंत तापवून त्यात पूर्ण विरघळवावे लागेल. मेण बदलले की वातीचा आकार पुन्हा तपासावा लागतो, आणि त्याची चाचणी शक्यतो कूलर बंद करून घ्यावी.

संत्रानगरी

मे महिन्यात नागपुरात कूलर बंद करून चाचणी घ्यायची असेल तर ती पहाटे चारलाच घ्यावी लागेल. पचौली मागवते आहे.